उन्हातले आकडे

रविवार, ५ ऑक्टोबर

आज नेमबाजीत कादंबरी पुन्हा पहिली आली. लागोपाठ तिसऱ्यांदा.

ही डायरी कंपनीने जानेवारीत दिली, तेव्हापासून कोरीच पडून होती. मन मोकळं करायला कुणी नसलं की माणूस लिहायला घेतो म्हणतात. मला मन मोकळं करायला बायको आहे, पण विषय तीच आहे.

नेऱ्याला हरेशच्या आंबराईत आमचा एअर रायफल क्लब भरतो, महिन्यातून एक-दोन रविवार. झाडांमध्ये लोखंडी कावळे रोवलेले असतात. कावळ्याच्या छातीला एक भोक. छर्रा भोकातून गेला की कावळा आडवा पडतो, कडेला लागला तर तसाच उभा राहून आपल्याकडे बघतो. कुठला कावळा किती लांब आहे हे कुणी सांगत नाही, तो अंदाज आपणच करायचा. सहा वर्षं मी हे करतोय. क्लबमध्ये पहिल्या तिघांत माझं नाव नाही असं कधी झालं नव्हतं.

गेल्या वर्षी आमची प्राजक्ता शिकायला पुण्याला हॉस्टेलवर गेली आणि कादंबरी म्हणाली, "रविवारी तुम्ही नेऱ्याला, मी घरात भिंतींकडे बघत. मीपण येऊ?" मीच आणली. माझी जुनी रायफल तिला दिली आणि स्वतःसाठी नवी घेतली. पाट मांडून बसायचं कसं, श्वास कुठे थांबवायचा, बोट कसं दाबायचं, सगळं मी शिकवलं. तिचं घरीच छोटं पार्लर आहे. भुवया कोरणाऱ्या बाईचा हात स्थिर असणारच, हे मी तेव्हा कौतुकाने सगळ्यांना सांगत होतो.

आज शेवटचा, सगळ्यात लांबचा कावळा तिने पाडला तेव्हा हरेश ओरडला, "वयनी, एक पन कावला नाय सोरला तुमी!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझ्याच जरा जास्त वेळ वाजत होत्या असं मला नंतर वाटलं.

येताना सुकापूरच्या नाक्यावर तिने कलिंगडाचा रस घेतला. माझा अर्धा ग्लास राहिला, तोही तिने संपवला. भूक लागलेली दिसत होती. जिंकलेल्या माणसाला भूक लागते.


बुधवार, ८ ऑक्टोबर

कंपनीत दिवसभर रंगाचे नमुने तपासतो. एखाद्या डब्याचा घट्टपणा सारखा वेगळा आला तर आम्ही रंगाला दोष देत नाही, आधी कारण शोधतो. तसंच इथेही कारण असणार.

मला सापडलंय असं वाटतं. छर्रा जितका वेगात, तितका तो सरळ जातो, मग अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी चालतं. म्हणून तर क्लबचा नियम आहे की वेग सेकंदाला आठशे फुटांच्या वर नको. जुनी रायफल हल्ली जास्त वेगाने मारत असेल तर? मोजलंय कुणी?

क्रोनोग्राफ मागवला. छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र. कादंबरीला म्हटलं, "दोघांच्या उपयोगाचं आहे."

"बरं झालं," ती म्हणाली. "तुम्हाला असलं काहीतरी करायला आवडतंच."


रविवार, १२ ऑक्टोबर

माझा संशय खरा निघाला!

यंत्र साधं आहे. पुढे एक डोळा, मागे एक डोळा, दोन्ही आकाशाकडे बघतायत. छर्रा वरून गेला की त्याची सावली आधी पहिल्या डोळ्यावर पडते, मग दुसऱ्यावर. मधला वेळ मोजून यंत्र वेग सांगतं. आज स्पर्धा नव्हती, नुसता सराव होता. बाकीचे जेवायला बसले तेव्हा भर उन्हात मोकळ्या जागेवर यंत्र मांडलं. ऑक्टोबरचं ऊन, डोक्यावर एक ढग नाही, म्हणजे उजेडाची कमी नव्हती.

कादंबरीची रायफल: ८३८. मग ८११. मग 'एरर'. मग ९०२!

माझी: ७६५. मग ६४०, मग दोनदा 'एरर', मग पुन्हा ७६० च्या आसपास.

माझ्या रायफलचे एरर यंत्र नवीन असल्यामुळे आले असावेत. पण तिची आठशेच्या वर जाते हे स्पष्ट आहे. म्हणजे तीन महिने ती नियमाबाहेरच्या बंदुकीने जिंकत होती, अर्थात नकळत. मी तिला काही बोललो नाही. नीट पुरावा जमवून मगच सांगणार. तिला वाईट वाटेल, पण खेळ म्हणजे खेळ.

येताना मी गाणं गुणगुणत होतो म्हणे. तिनेच सांगितलं.


सोमवार, १३ ऑक्टोबर

संध्याकाळी कामावरून आल्यावर गच्चीवर, मातीने भरलेल्या पेटीत छर्रे मारून पुन्हा मोजलं. सूर्य समोरच्या बिल्डिंगमागे गेला होता. तिची रायफल: ७७४, ७७२, ७७५, ७७३.

हे काय?

रायफलमध्ये भरलेली हवा तितकीच. छर्रे तेच. पुन्हा मोजलं, पुन्हा ७७३.

यंत्र बिघडलेलं आहे. परत पाठवावं लागणार.


गुरुवार, २३ ऑक्टोबर (भाऊबीज)

दिवाळीत पार्लरला गर्दी, त्यामुळे दहा दिवस घरात मेंदीचा आणि फेशिअलच्या क्रीमचा वास. प्राजक्ता सुट्टीला आली आहे. जेवताना म्हणाली, "बाबा, आईने तुला हरवलं? ते पण तुझ्याच बंदुकीने?" आणि एवढी हसली की पाणी नाकात गेलं. कादंबरीचा भाऊ आला होता, त्याने मला पाठीवर थोपटलं. थोपटण्यासारखं काय होतं त्यात?

कादंबरी म्हणाली, "अगं, यांनीच शिकवलंय." सगळ्यांसमोर म्हणाली. मला अधिकच राग आला. का, ते कळत नाही.

कृष्णकांत सरांचा मेसेज आला. सर म्हणजे आमच्या क्लबचे सर्वेसर्वा, बंदरातून निवृत्त झालेले, शिस्तीचे कडक. जानेवारीत बंगळुरूला देशभरातल्या क्लबांची स्पर्धा आहे. प्रत्येक क्लबातून एकच जण. आमच्याकडून ७ डिसेंबरच्या स्पर्धेत जो पहिला येईल तो जाणार.

सहा वर्षं मी या मेसेजची वाट बघत होतो. दोन वर्षांपूर्वी आला असता तर काय बिघडलं असतं?


शनिवार, १ नोव्हेंबर

यंत्र परत पाठवलं नाही. संध्याकाळी बरोबर आणि दुपारी चूक असं वागणारं यंत्र बिघडलेलं नसतं. कंपनीत मी कुणाला हे म्हणू दिलं नसतं.

आज सुट्टी होती. भर दुपारी बारा वाजता यंत्र गच्चीवर मांडून बसलो. हळूहळू लक्षात आलं. वर सगळीकडून झगझगीत उजेड असला की डोळ्याला छर्ऱ्याची सावली धड दिसतच नाही. त्यात शिश्याचा छर्रा उन्हात चमकतो, मग एक डोळा सावली बघतो आणि दुसरा चमक. एक लवकर जागा होतो, एक उशिरा. यंत्राबरोबर डोळ्यांवर लावायला दोन छोट्या पांढऱ्या झडपा आल्या आहेत, पण तिरपं ऊन त्यांच्या खालून आत शिरतं. छर्ऱ्याला काळ्या मार्करने रंगवून बघितलं, थोडा फरक पडला. खाली पार्लरमध्ये ट्यूबलाइटच्या उजेडात नेऊन बघितलं तर तिथे वेगळाच गोंधळ. ट्यूब आपल्याला दिसत नाही पण सारखी फडफडत असते, यंत्राला ते कळतं.

मग पांढरी चादर काढली. कादंबरी वर आली होती वाळलेले कपडे काढायला. मी म्हटलं, "जरा धरतेस का?" तिने हात उंच करून चादर यंत्रावर छतासारखी धरली, दोन्ही डोळ्यांवर सारखी सावली पडेल अशी. मी मारलं. ७७३. पुन्हा. ७७४. पुन्हा ७७३.

"आता चादर काढ." ८२६. "धर." ७७२. "काढ." एरर!

मी नाचलोच जवळजवळ. किती वर्षांनी असा आनंद झाला असेल! तिचे हात दुखायला लागले होते, तरी म्हणाली, "अजून एकदा करा, मला बघायचंय." कपाळावर घाम, तोंडावर हसू. आम्ही दोघं गच्चीवर तासभर होतो. खालून दोन बायका पार्लरसाठी हाका मारत होत्या, तिने "थांबा गं" म्हणून सांगितलं.

खाली आल्यावर चहा घेताना लक्षात आलं की तिच्या रायफलमध्ये काहीच दोष नाही. वेग आठशेच्या आतच आहे. म्हणजे नेम तिचाच आहे.

चहा गोड लागला नाही.


रविवार, ९ नोव्हेंबर

क्लबने स्वतःचा क्रोनोग्राफ घेतला. ७ डिसेंबरला प्रत्येकाची रायफल तपासणार. सरांनी तो मोठ्या आंब्याखाली एका स्टुलावर मांडला.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "सर, उन्हात हे यंत्र खोटं बोलतं. वर काहीतरी पांढरं, सारखं आच्छादन पाहिजे."

ते म्हणाले, "झाडाखालीच तर ठेवलंय, सुशांत. आणि कंपनीने विचार करूनच बनवलं असेल ना?" लगेच पुढे, "मिसेसना सांगा, बंगळुरूला जायची मनाची तयारी ठेवा. आपल्याकडे दुसरं कोण आहे?"

दुसरं कोण आहे.

मी म्हटलं, "हो सर." नंतर यंत्राचा विषय काढला नाही. विचारतील तेव्हा सांगेन. ज्याला गरज आहे त्याने विचारावं.


शनिवार, २२ नोव्हेंबर

थर्माकोलची लांब पेटी केली. दोन्ही टोकांना छर्रा जायला भोकं, आतून वरच्या बाजूला बॅटरीवर चालणारी एलईडीची पट्टी. यंत्र आत. बाहेर सूर्य असो वा काळोख, आत नेहमी एकच उजेड. दुपारी, सकाळी, संध्याकाळी एकच आकडा. असं सुंदर काम मी बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं.

कादंबरीने फोटो काढून प्राजक्ताला पाठवला. "नेऱ्याला दाखवा ना सगळ्यांना," म्हणाली.

"बघू," म्हटलं.

आजकाल ती सकाळी उठून बाल्कनीत पाट मांडून रिकाम्या रायफलने सराव करते. मी झोपल्याचं सोंग करून बघतो. तिचा खांदा हलत नाही. माझा हलतो.


रविवार, ७ डिसेंबर

मी पहिला आलो. बंगळुरूला मी जाणार.

जे झालं ते सरळ लिहितो. सकाळी थंडी होती, आंबराईत सावली. तपासणीत माझा नंबर लवकर आला. ७६८. पास. कादंबरी तेव्हा हरेशच्या आईबरोबर चहा करत होती, सर म्हणाले तिची नंतर बघू. स्पर्धा सुरू झाली. मध्यंतरापर्यंत ती माझ्यापेक्षा चार कावळ्यांनी पुढे होती. चार म्हणजे खूप.

मध्यंतरात सरांना आठवलं, "मिसेस, तुमची राहिलीच की." साडेअकरा वाजले असतील. सूर्य आंब्याच्या फांद्यांतून पुढे आला होता. यंत्राचा मागचा डोळा सावलीत होता, पुढच्या डोळ्यावर उन्हाचा कवडसा पडला होता. अर्धं ऊन, अर्धी सावली. याच्याइतकी वाईट जागा नाही. मी ते लांबूनच बघितलं. ती बसायच्या आधीच बघितलं.

८२१. पुन्हा मारायला लावलं, ८३४. तिसऱ्यांदा ८१६.

सर चष्मा काढून पुसत म्हणाले, "नियम आहे हो. मला वाईट वाटतंय. पण बाद."

हरेश म्हणाला, "आसं कसं व्हईल? सर, परत बगा ना."

"तीनदा बघितलं, हरेश."

मग कादंबरीने माझ्याकडे बघितलं. बाकी कुणाकडे नाही, माझ्याकडे. मी पंधरा पावलांवर उभा होतो, हातात पाण्याची बाटली. मी बाटलीचं झाकण लावत होतो. ते आटे चुकून तिरपं बसलं होतं, काढून पुन्हा लावलं. वर बघितलं तेव्हा ती आपली चटई गुंडाळत होती.

तिलाही गच्चीवरचं आठवलं नसावं. नाहीतर बोलली असती.

मध्यंतरानंतर मी चांगला खेळलो. शेवटचे दोन कावळे तर फारच लांब होते. सरांनी हात मिळवला. कादंबरीने सगळ्यांसमोर "अभिनंदन" म्हटलं आणि गाडीत डबा उघडून मला थालीपीठ दिलं. स्वतः खाल्लं नाही.


सोमवार, ८ डिसेंबर

मी आधीच सांगितलं होतं सरांना. नऊ नोव्हेंबरला. त्यांनी ऐकलं नाही. मग आता जबाबदारी कुणाची?


बुधवार, १० डिसेंबर

कादंबरी भाजी चिरता चिरता म्हणाली, "इतका वेग कसा आला असेल हो?"

"हवा जास्त भरली गेली असेल."

"हवा तुम्हीच भरलीत ना सकाळी?"

"हो. मग थंडीतून उन्हात आल्यावर हवा फुगली असेल."

"हो का," ती म्हणाली. सुरी थांबवून थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग पुन्हा चिरायला लागली. पटलं असावं.

संध्याकाळी तिने रायफल पुसली, तेल दिलं आणि कपाटावर वरच्या बाजूला ठेवून दिली. बाल्कनीतला पाटही आत आला. मला सकाळी जरा जास्त झोप मिळेल.


शुक्रवार, १२ डिसेंबर

सरांचा फोन. काही मेंबरांचं म्हणणं आहे की कादंबरीने बंदुकीत काहीतरी केलं असणार, नाहीतर वर्षभरात एखादी बाई एवढी पुढे कशी जाईल. तिला एक वर्ष लांब ठेवायचं का, यावर परवा बोलायचं आहे. "तुमच्यावर कुणाचाच संशय नाही," सर म्हणाले. "उलट सगळे म्हणतात, बिचाऱ्या सुशांतला किती अवघड झालं असेल."

मी कादंबरीला सांगितलं. ती एका गिऱ्हाइकाच्या केसांना मेंदी लावत होती. "म्हणू देत," म्हणाली. गिऱ्हाईक बाई विचारू लागली काय झालं, तर तिने विषय बदलला.

मला वाटलं होतं ती रडेल, भांडेल. मग मलाही काहीतरी बोलता आलं असतं.


शनिवार, १३ डिसेंबर

प्राजक्ताचा फोन आला. "बाबा! आई म्हणाली तू काय मस्त खेळलास! शेवटचे दोन कावळे तर अगदी टोकाचे होते म्हणे, तुझ्याशिवाय कुणाला जमले नाहीत. बंगळुरूला चाललास, सहीच!"

"आई आणखी काय म्हणाली?"

"अजून काय? तिचा नेम त्या दिवशी लागत नव्हता म्हणाली. का रे?"

मी म्हटलं, "काही नाही, नेटवर्क जातंय," आणि ठेवला.

नेम लागत नव्हता! चार कावळ्यांनी पुढे होती ती. लेकीसमोर माझी मान उंच राहावी म्हणून स्वतःला कच्चं ठरवून बसली. मी काही पदर पसरून मोठेपण मागितलं नव्हतं, तिने न मागताच देऊन टाकलं. नेमबाजीत पुढे, ते एक वेळ सोसलं. आता यातही हीच पुढे? मला इतका संताप आला की मी जिन्यावरून खाली जाऊन कॉलनीला दोन चकरा मारल्या. परत आलो तरी संताप गेला नव्हता. फक्त तो तिच्यावरचा आहे की कुणावरचा, ते नीट सांगता येईना.

हातात तर बक्षीस आहे. ते मला तिने दिलंय असं का वाटतंय?


रविवार, १४ डिसेंबर

सकाळी कादंबरीला म्हटलं, "चल नेऱ्याला."

"माझ्याकडे नवरी आहे दहा वाजता," ती म्हणाली. "तुम्ही जा."

कपाटावरून तिची रायफल काढली, थर्माकोलची पेटी गाडीत टाकली. ती दारातून बघत होती.

साडेअकरापर्यंत मुद्दाम थांबलो. कवडसा यंत्रावर आला तेव्हा सरांना म्हटलं, "आता मोजा." हरेश आणि बाकीचे जमले. ८१९. ८२७. दोघं-तिघं एकमेकांकडे बघून माना हलवायला लागले. मग मी क्लबचं यंत्र माझ्या पेटीत ठेवलं, आतला दिवा लावला, बाकी रायफल तीच, छर्रे तेच, जागा तीच. ७७३. ७७४. ७७२. मग सरांची स्वतःची रायफल बाहेर उन्हात मोजली. ८४०.

सर स्टुलावर बसले. बराच वेळ पेटीच्या भोकातून आत बघत होते. "मी ऐकलं नाही तुमचं," म्हणाले. "पण सुशांत, हे इतकं पक्कं तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

इथे मला म्हणता आलं असतं की कालच कळलं. पेटी नवीन दिसत होती.

"एक नोव्हेंबरपासून," मी म्हटलं. "हीच रायफल. हाच आकडा."

हरेशला आधी कळलं. "मंग त्या दिशी गप का बसलाव तुमी?"

"ती पुढे होती म्हणून."

हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. निघालं तोंडातून. हरेशने माझ्याकडे बघितलं, मग झाडांना पाणी घालायची नळी उचलली आणि निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "आमच्या वयनीला लोकांनी चोर ठरवली ना."

सर म्हणाले, बंगळुरूला कादंबरी जाईल, आणि ते स्वतः घरी येऊन तिची माफी मागतील. मला म्हणाले, "पेटी ठेवून जा." बास. पेटीचं कौतुक कुणी केलं नाही. मला ते खटकलं, हेही लिहून ठेवतो.

घरी आलो तेव्हा नवरी गेली होती. कादंबरी मोरीत ब्रश धूत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, उन्हाचा कवडसा, ७७३, हरेश काय म्हणाला ते. आणि म्हटलं, "मला त्या दिवशीच माहीत होतं."

"मलापण," ती म्हणाली. "चादर मी धरली होती ना."

"मग तू बोलली का नाहीस?"

ब्रशमधून लाल पाणी निघत होतं, ते निवळेपर्यंत ती पिळत राहिली. "मी बोलले असते तर तुम्ही 'हो, बरोबर आहे' म्हणाला असतात. मला माहितीये. पण ते मी बोलायचं नव्हतं. मी तुमच्याकडे बघितलं होतं."

"हो."

"तुम्ही बाटली बंद करत होतात."

"हो."

"एवढी काय घट्ट होती ती बाटली?" ती म्हणाली, आणि आवाज फुटला. मग खूप रडली. मी जवळ गेलो तर हाताने थांबवलं. हात ओला होता, माझ्या शर्टावर लाल पाच बोटं उमटली.


मंगळवार, १६ डिसेंबर

सर येऊन गेले. तिने त्यांना चहा, चिवडा दिला, माफीवरून अवघडू दिलं नाही. ते गेल्यावर मी म्हटलं, "बंगळुरूला मी येतो सोबत. सामान उचलायला."

"नको. एकटी जाईन."

"रागावली आहेस अजून?"

"आहे," ती म्हणाली. "पण त्यासाठी नाही. तुम्ही बाजूला उभे असलात की मी तुमचा चेहरा बघत बसते. एक कावळा पाडला की एकदा चेहरा. मला नुसते कावळे बघायचेत."

वर्षभर ती बघत होती तर. मला वाटत होतं मी कुणाला दिसत नाही.


रविवार, ११ जानेवारी

नवी डायरी अजून मिळालेली नाही, याच डायरीच्या मागच्या पानांवर लिहितोय.

गुरुवारी तिला कळंबोलीला बसमध्ये बसवून दिलं. तीन दिवस घरात पार्लरचा वास नाही, कुणाचा आवाज नाही. काल सराव करायला बसलो आणि अर्ध्यात उठलो. आज दुपारपासून फोन समोर ठेवून बसलो होतो. मनात काय काय आलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. ती शेवटून पहिली आली तर मी तिची कशी समजूत घालेन, हे मी दोनदा मनात म्हणून पाहिलं. वाक्यंसुद्धा छान जुळली होती.

सहा वाजता फोन आला. मागे खूप गलका होता.

"सातवी आले," ती म्हणाली. "बायकांत दुसरी. मेडल आहे."

"वा!" मी म्हटलं. "अभिनंदन. फार आनंद झाला."

ती हळूच म्हणाली, "खरंच?"

मी तोंड उघडलं, पुन्हा "हो" म्हणायला. मनात जुळवलेलं एकही वाक्य कामाचं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "पोटात दुखतंय."

मग ती हसायला लागली. अशी हसली की तिथे कुणीतरी काय झालं म्हणून विचारायला लागलं, आणि तिला त्यांना सांगताही येईना. गेल्या महिन्याभरात मी हे हसू ऐकलं नव्हतं.

"फार दुखतंय?" तिने विचारलं.

"फार."

"ओवा घ्या चिमूटभर. मिठाबरोबर. वरच्या फळीवर, बडीशेपेच्या मागे."

मी फोन कानाला लावूनच स्वयंपाकघरात गेलो, डबा काढला आणि तिला ऐकू जाईल असा चावून खाल्ला. ती ऐकत होती, हसत होती, मधेच मेडल कसं दिसतं ते सांगत होती. ओव्याने काही फरक पडला नाही. पण मी पुन्हा थोडा घेतला, आणि म्हटलं, "शेवटच्या कावळ्याचं सांग. किती लांब होता?"